ताईनं त्याला माफ केलं नव्हतं

वनिताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आंजीच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. फोन बोरगाव मेघेच्या, ताईच्या शेजारच्या काकूंचा. "सुनंदा, येजो लवकर," एवढंच त्या म्हणाल्या. आजार कळल्यापासून हा फोन कधीतरी येणार हे ठाऊक होतं. मनाची तयारी झाली आहे असं मी स्वतःला रोज सांगत होते. तरी हातातला खडू तसाच मुठीत धरून मी वर्ध्यापर्यंत गेले, हे तिथं पोचल्यावर कोणीतरी दाखवलं तेव्हा कळलं.

पण हा लेख मी त्या दिवसामुळे लिहीत नाही. मी लिहिते आहे तेरवीच्या, म्हणजे तिच्या तेराव्याच्या, दिवसामुळे. जेवणाआधी सगळे बसले होते आणि आमचे नानाकाका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, दोन शब्द बोलायला उभे राहिले. "आमची वनिता मनानं लय मोठी," ते म्हणाले. "ज्या माणसानं तिले टाकलं, तोच भर उन्हात रस्त्यावर अडकलेला दिसला तं तिनं त्याले आपल्या गाडीत घेतलं. एका शब्दानं टोचलं नाई. माफ करून टाकलं तिनं त्याले." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि तो माणूस, अविनाश, तिथंच बसला होता. पांढरा झब्बा घालून, मान खाली घालून, रुमालानं डोळे पुसत... त्या उन्हाच्या दिवशी त्या गाडीत मी ताईच्या शेजारी बसले होते. काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तेरवीच्या मांडवात सख्ख्या काकांना खोटं पाडता येत नाही. म्हणून इथं लिहिते. ताईनं त्याला माफ केलं नव्हतं. शेवटपर्यंत केलं नव्हतं, आणि तसं न करता ती फार छान जगली.

ताई माझ्याहून मोठी. सेवाग्रामच्या दवाखान्यात ती लॅबमध्ये टेक्निशियन होती, दिवसभर लोकांचं रक्त तपासायची. बुटकी, सावळी, बोलायला कमी, आणि सुई टोचताना लहान पोरांनाही "दुखणार नाही" असं खोटं न सांगणारी. अविनाशचं वर्ध्यात मेन रोडवर मोबाईलचं दुकान. त्याला दोनच गोष्टींचं वेड, गाडी आणि वेग. लग्नानंतर काही वर्षांनी त्यानं नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी गाडी घेतली. दिसायला चार माणसांची घरगुती गाडी, डिकी छोटी, पण कंपनीनं आत इंजिन असं बसवलेलं की पाय दाबला की मान मागे जायची. रंग शेंदरी. गल्लीतले लोक म्हणायचे, अविनाशनं मारुतीरायाला चाकं लावून आणलं. कर्ज मिळायला पगाराची नोकरी लागते, म्हणून गाडी ताईच्या नावावर. चालवायचा तोच. ताईला त्यानं स्टिअरिंगला हातही लावू दिला नाही.

मग नागपूरची एक बाई त्याच्या आयुष्यात आली. ताईला त्यानं सांगितलं, "तुह्यासोबत राह्यणं म्हणजे दवाखान्यात भरती झाल्यासारखं हाय." घटस्फोट झाला. वाटणीच्या दिवशी बोरगाव मेघेच्या घरात दोन्हीकडची मोठी माणसं बसली. कपाट, फ्रिज, दागिने, सगळ्यावर तो हो म्हणाला. अडला तो गाडीवर. कागद ताईच्या नावावर, आणि ताई सही करायला तयार नव्हती. चिडून तो उठला. "ठेव तुले पाहिजे तं! सहा महिन्यांत भंगारात देशील. जिले धड स्कुटी सांभाळता येत नाई, ती हे इंजिन सांभाळणार?" त्याची आई हसली. आमच्या बाजूचे दोघंतिघंही हसले, ते मला आजही दिसतात. ताईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती म्हणाली, "दुसरी चावी कुठं हाय?" त्यानं खिशातून काढून जमिनीवर फेकली. ती वाकली, चावी उचलली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "आता तू जा." इतकी वर्षं ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. पहिल्यांदा 'तू' म्हणाली ते त्या दिवशी.

तिला गाडी येत नव्हती, हे मात्र त्याचं खरं होतं. माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, तिला आमच्या शेताकडच्या रस्त्यावर शिकवलं. पहिल्या गिअरमध्ये गाडी बेडकासारखी उड्या मारायची, क्लच जळाल्याचा वास तुरीच्या वावरापर्यंत जायचा. दिलीप घामाघूम व्हायचा. ताईच्या कपाळाला मात्र आठी नाही. "परत," एवढंच म्हणायची. हात बसल्यावर तिनं गाडी वर्ध्यातल्या एका मेकॅनिकला दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर पाहिला आणि सरळ सांगितलं, "मॅडम, इस गाडी को किसीने बहुत मारा है. बेच डालो."

"मारा म्हणजे कसं मारलं, ते सांगा ना," ताईनं विचारलं.

तो सांगत गेला. थंड इंजिन सुरू करून लगेच रेस केलं. दूर पळवून आणून लगेच बंद केलं, त्यामुळे टर्बो, म्हणजे इंजिनाला जोर देणारा पंखा, भाजला. ऑइल काळं होईपर्यंत बदललं नाही, आणि बदललं तेव्हा स्वस्तातलं घातलं. खड्ड्यात आपटली, टायरमध्ये हवा पाहिली नाही. ताई एखाद्या पेशंटची हकिकत ऐकावी तशी ऐकत होती. परत येताना मला म्हणाली, "लय सोपं हाय, सुनंदा. त्यानं जे जे केलं, त्याच्या उलटं कराचं. बस."

आणि तिनं तेच केलं, वर्षानुवर्षं, एकही दिवस न चुकता. सकाळी गाडी सुरू केली की बोरगाव मेघेच्या चौकापर्यंत ती म्हाताऱ्या माणसासारखी हळू चालवायची. ऑइल आत सगळीकडे पोचून गरम होईपर्यंत पाय दाबायचाच नाही. मागून हॉर्न वाजायचे, रिक्षावाले ओरडायचे, "बाई, झोपल्या का?" ती ढिम्म. कुठंही पोचलं की इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवायची, टर्बो निवला की मगच चावी फिरवायची. लग्नाच्या मांडवाबाहेर, दवाखान्याच्या दारात, सगळे उतरून निघून गेलेले आणि ही आत एकटी बसलेली. कंपनीनं सांगितलं त्याच्या निम्म्या अंतरावरच ऑइल बदलायची, आणि निघालेलं जुनं ऑइल दोन बोटांत चोळून, वास घेऊन पाहायची. "लोखंडाचा किस नाई ना, जळका वास नाई ना..." असं पुटपुटत. कपाशीच्या दिवसांत हवेत धूळ आणि तंतू उडतात म्हणून एअर फिल्टर हातानं काढून झटकायची. पावसाळ्यात आंजीला आमच्या घरी आली की जायच्या आधी पाइप घेऊन गाडीच्या पोटाखालची काळी माती धुवायची. तिथं चिखल साचला की गंज धरतो. उंदरांनी एकदा वायरी कुरतडल्या, तर तिनं घराभोवतीची सगळी बिळं बुजवली. मे महिन्यात, वर्ध्याचं ऊन डांबर वितळवतं तेव्हा, कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याचा, डबा आणि पाण्याच्या बाटल्या डिकीत कायम असायच्या. आपला जिल्हा दारूबंदीचा. नागपूरकडून अशी भपकेबाज गाडी आली की पोलीस हमखास थांबवत. डिकी उघडल्यावर हिरव्या पाण्याचा डबा दिसला की ते संशयानं हुंगायचे. "प्या घोटभर," ताई म्हणायची.

नुसती जपून चालवली म्हणजे गाडी टिकते असंही नाही, हे तिला कळलं होतं. असं इंजिन कायम हळू चालवलं तर आत काजळी धरते. म्हणून अधूनमधून रविवारी सकाळी, इंजिन नीट तापलं की ती नागपूर रस्त्यावर मोकळ्या पट्ट्यात गाडी सुसाट सोडायची. मी एकदा सोबत होते. मी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसले. ताईच्या चेहऱ्यावर मात्र जे हसू होतं ते मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता, शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधायची खोड असते. मी एकदा तिला म्हटलं, "ताई, मला कळतं. त्यानं तुझे हाल केले तसेच हिचे केले, म्हणून तू हिला जपतेस." ती बॉनेटखाली वाकलेली होती. तिथूनच म्हणाली, "येडी हाय का? मी म्हणजे गाडी नाई, अन् गाडी म्हणजे मी नाई. मले फक्त त्याले खोटं पाडाचं हाय. रोज."

रोज म्हणजे खरोखर रोज. तिच्या बोलण्यात अविनाशचं नाव नाही असा दिवस नसायचा. त्याचं दुकान कसं चाललं आहे, त्यानं कोणती नवी गाडी घेतली, ती किती दिवसांत गॅरेजला गेली, सगळं तिला ठाऊक. दर शनिवारी गाडी धुऊन पुसून ती मेन रोडवर जायची आणि त्याच्या दुकानासमोरून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश न्यायची. त्या इंजिनाचा आवाज वेगळा, घशातून निघाल्यासारखा. त्याला तो ओळखायला मान वर करायची गरज नव्हती. तरी तो करायचा. ताई मात्र समोर बघत निघून जायची. सहा महिने झाले. वर्ष झालं. त्यानं एक गाडी बदलली, मग दुसरी बदलली. ताईची शेंदरी तशीच.

गाडीनं लाखावा किलोमीटर ओलांडला त्या संध्याकाळी ती पेढे घेऊन थेट त्याच्या दुकानात गेली. दिलीप आणि मी बाहेर उभे होतो, लाजेनं आणि उत्सुकतेनं. काउंटरवरच्या मुलींना, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना तिनं पेढे वाटले. "कशाचे हो, ताई?" एका मुलीनं विचारलं. "गाडीचा लाख पुरा झाला," ताई म्हणाली, "तुमच्या मालकाले इचारा, त्याईले माहीत हाय कोणती." शेवटचा पेढा तिनं त्याच्या हातात ठेवला. त्याला तो सगळ्यांसमोर खावा लागला.

आता नानाकाकांची ती भर उन्हाची गोष्ट. मे महिना होता. ताई आणि मी नागपूरहून परत येत होतो. सेलू मागे पडलं होतं आणि पुढं रस्त्याच्या कडेला एक भलीमोठी पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी, वाफा निघताहेत, आणि शेजारी अविनाश, डोक्यावर रुमाल धरून. ताईनं त्याला माझ्याआधी पाहिलं. गाडी हळू केली, कडेला घेतली, काच खाली केली. "काय झालं?" अगदी साध्या आवाजात.

"तापली," तो म्हणाला. "क्रेन सांगतली. फोनची बॅटरीबी संपत आली."

"बस."

तो पुढच्या दाराकडे आला. पुढं मी बसलेले. मी उतरायला लागले तर ताईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "मागं बस," ती त्याला म्हणाली. त्या गाडीची मागची सीट लहान मुलांसाठी केल्यासारखी आहे. तो उंच माणूस, गुडघे छातीशी घेऊन बसला. जी गाडी त्यानं ताईला कधी चालवू दिली नव्हती, तिच्यात ताईच्या पाठीमागे.

ताईनं गाडी काढली. घाई नाही, धक्का नाही. गिअर असे पडत होते की कळत नव्हते. तो कान देऊन ऐकत होता. मी आरशातून पाहत होते. शेवटी त्याला राहवेना. "इंजिन कोणाकडून बांधून घेतलं?"

"कोणाकडूनच नाई."

"मंग काम तं केलं असन ना. पहिले धूर माराची."

"तू होता तवा माराची," ताई म्हणाली. "टर्बो तेवढा नवा टाकला. इंजिन अजून उघडलंच नाई."

पवनारच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला आणि ताईनं पाय दाबला. शेंदरी गाडी उसळली, माझी मान मागे गेली, मागे त्याचं डोकं टपाला लागल्याचा आवाज आला. पवनारचा पूल दिसायच्या आत तिनं वेग पुन्हा खाली आणला होता. त्याला कळावं एवढंच दाखवायचं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

वर्ध्यात तिनं गाडी नेऊन त्याच्या दुकानासमोर लावली. तो दार उघडायला गेला. दार उघडेना. माझी मुलगी लहान असताना मागच्या दारांना ताईनं लहान मुलांचं लॉक लावलेलं, ते तसंच होतं. आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडतं. "थांब," ताई म्हणाली, "टर्बो निवू दे." आणि इंजिन चालू ठेवून ती बसून राहिली. दुकानातल्या मुली बाहेर आल्या. शेजारचे दुकानदार बाहेर आले. आत अविनाश, गुडघे छातीशी, घामानं निथळत. मग ताईनं चावी फिरवली, खाली उतरली, वळसा घालून आली आणि त्याच्यासाठी दार उघडलं, पाहुण्यासाठी उघडावं तसं. "जा," ती म्हणाली. नानाकाका ज्याला माफी म्हणतात ती ही. एका शब्दानं टोचलं नाही, हे मात्र त्यांचं खरं आहे.

मग आजार आला. रिपोर्ट ताईनं स्वतःच आधी वाचला, मला नंतर सांगितला. ताकद जात चालली तशी गाडी माझ्या नावावर करून दिली. क्लच दाबवेनासा झाला तेव्हा ती शेजारच्या सीटवर बसून मला शिकवायची. "कान कुठं हाय तुहा? तिसरा गिअर मागून राह्यली ती, दे ना..." शेवटची भेट झाली ती तिच्या घराच्या पोर्चमध्ये. खुर्चीत बसवलं होतं, अंगावर शाल. मला म्हणाली, चालू कर. मी गाडी चालू केली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मला वाटलं, आता शेवट आहे, मनावरचं ओझं उतरून जावं. मी म्हटलं, "ताई, सोड ना आता त्याला. माफ करून टाक."

तिनं डोळे उघडले. "काऊन? लोक कोणाच्या आधारानं जगतात... मी त्याच्या रागावर जगली. चांगली जगली. आता मराच्या वक्ती तो राग कोणाले फुकट देऊ?" आणि हसली. मग दम लागला, आणि मी गाडी बंद केली.

परवा अविनाश आंजीला आमच्या घरी आला. तेरवीनंतर पहिल्यांदाच. दिलीपनं चहा दिला. गाडी अंगणात उभी होती. त्यानं आधी आडवळणानं विचारलं, विकायची असेल तर पहिले मला सांगा म्हणून. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, "एकदा बसून पाहू?" मी काही म्हणायच्या आत त्यानं दार उघडलं. पण आत शिरता येईना. ताई बुटकी. ड्रायव्हरची सीट तिच्यासाठी पार पुढे, स्टिअरिंगपाशी सरकवलेली. तो एक पाय आत घालून अडकला आणि त्याचा हात सीटखालच्या दांडीकडे गेला, मागे सरकवायला.

"तिथं हात लावू नका," मी म्हटलं. त्यानं पाय बाहेर काढला. बराच वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे खरंच भरले होते, एवढं मी मान्य करते. "सुनंदा," तो म्हणाला, "ती कधी काही म्हणे का माह्याबद्दल? शेवटी शेवटी तरी... नाव काढलं का माहं?"

रोज काढायची. त्याच्या नावाशिवाय तिचा चहा खाली जात नसे. मी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हटलं, "नाही. तुमचं नाव आमच्या घरात कित्येक वर्षांत निघालं नाही. ती तुम्हाला विसरूनच गेली होती."

त्याला ते किती लागलं हे मी पाहिलं. तो फाटकातून गेला. दिलीप मला म्हणाला, "इतकं कशाले?" मी चहाचे कप उचलून आत गेले.

ते खोटं होतं. खरं काय ते आज इथं लिहिलं आहे. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्याच्या दुकानात येते आणि दुपारी तो ती काउंटरवर पसरून वाचतो, हेही मला ताईनंच सांगितलेलं. वाचू दे. तिला तुझी आठवण होती, अविनाश, एकही दिवस ती तुला विसरली नाही, आणि ती आठवण कसली होती ते आता सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

मी ताईहून उंच आहे. त्या सीटवर बसलं की माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात, आंजीहून वर्ध्याला पोचेपर्यंत पाठ भरून येते. दिलीप म्हणतो, एक दांडी तर ओढायची आहे. मी ओढत नाही. मी तशीच चालवते.